वसईची पोरं

महापुरात साळूबाईचं मातीचं घर बसलं. तेव्हापासून ती, तिची विधवा सून क्रांती आणि नात ओवी गावाच्या वरच्या अंगाला ताडपत्रीखाली राहत होत्या. क्रांती सांगलीत हळदीच्या गोदामात कामाला जायची. गोदामाशेजारच्या दवाखान्यातल्या सिस्टर लूसी तिला एकदा म्हणाल्या, "वसईच्या चर्चची मुलं दर मे महिन्यात कुठंतरी एखादं घर बांधून देतात. यंदा तुझं बांधू दे का?" क्रांतीनं सासूला न विचारताच हो म्हटलं.

आठ पोरंपोरी आली, बरोबर फादर बोनिफास. शाळेच्या रिकाम्या वर्गात उतरली. जुन्याच जोत्यावर सिमेंटच्या ठोकळ्यांच्या भिंती चढू लागल्या. त्यांची पुढारी जॉयस नावाची, इंजिनिअरिंगला असलेली मुलगी. हाताला फोड आले तरी ती थांबायची नाही. पहिले दोन दिवस गावानं कौतुक केलं. कुणी ताक दिलं, कुणी पाण्याचा पाइप ओढून दिला.

तिसऱ्या दिवशी जेवायला बसताना पोरांनी डोळे मिटून प्रार्थना केली आणि कपाळ, छाती, खांद्यांना हात लावले. त्यांच्यात बसलेल्या ओवीनंही तसंच केलं. सगळी हसली. रस्त्यावरून जाणाऱ्या गावातल्या सिद्धूनं मोबाईलवर ते टिपलं.

दुसऱ्या दिवशी क्रांती दळण घेऊन गेली, तर गिरणीवाला म्हणाला, "पट्टा तुटलाय." आत गिरणी चालू होती. पिठाचा वासही येत होता. नळावर बायका एकदम गप्प झाल्या. शेजारच्या उत्कर्षानं तेवढं तिला बाजूला घेऊन मोबाईल दाखवला. ओवी कपाळाला हात लावतेय, आणि खाली लिहिलेलं, 'घराच्या बदल्यात धर्म'.

 बांधकामावर येऊन तिनं सांगितलं, तेव्हा साळूबाई भिंतीला टेकून खाली बसली.

"मी मेल्यावर मला खांदा द्यायला कोण येईल गं?" ती म्हणाली. "चार माणसं तर लागतात न्हवं?"

क्रांतीनं न दळलेलं धान्य तसंच खाली ठेवलं.

दिवस कलायला लागला तशा पाचसहा मोटारसायकली आल्या. पुढं वीरधवल, भावकीतलाच. तो ओरडला नाही. गाडीवरून उतरून त्यानं भिंतींवरून हात फिरवला.

"वहिनी, काय लिहून दिलंय ह्यांना?"

"काय न्हाई. त्यांनी काय मागितलंच न्हाई."

"फुकट कोण बांधतंय घर?" तो फादरकडं वळला. "उद्या नऊ वाजता आमी परत येतोय. तवा तुमी हितं दिसायचं न्हाई." मग जरा आवाज उतरवून क्रांतीला म्हणाला, "ही जातील वसईला. तुमाला हितंच राह्यचंय, एवढं ध्यानात ठेवा."

गाड्या गेल्या. एक मुलगी मुसमुसत होती. जॉयस थापी हातात धरून तशीच उभी होती.

फादर म्हणाले, "पोलिसांना कळवता येईल. ते आले तर आम्ही थांबू, पत्रे चढवू. पण आम्ही गेल्यावर तुम्हाला त्रास होईल. तुम्ही सांगाल तसं करू."

क्रांतीनं भिंतींकडं पाहिलं. वर नुसतं आभाळ होतं. पत्रे खाली रचून ठेवलेले होते, अजून दोन दिवसांचं काम. पोलीस दोन दिवस थांबतील, पुढं काय? आणि ह्या पोरांपैकी कुणाचं डोकं फुटलं तर?

"तुमी जावा," ती म्हणाली. "पर गावातनं नगं. मी नेते."

ठोकळे घेऊन आलेला टेंपोवाला बिराप्पा कॅनॉलच्या पुलावर थांबायला तयार झाला. पहाट फुटल्यावर सगळी निघाली. क्रांती पुढं, मागं पाठीवर बॅगा घेतलेली पोरं, शेवटी फादर. वाट डोक्यावर हातभर चढलेल्या आडसाली उसातून होती. पाती गाल कापत होती, पण कुणी हूं की चूं केलं नाही.

निम्म्या वाटेवर मोटारसायकलीचा आवाज आला.

"बसा खाली," क्रांती कुजबुजली.

सगळी उसाच्या सरीत बसली. आवाज जवळ आला. बांधावर गाडी थांबली. कुणीतरी खाकरलं, थुंकलं. जॉयसनं क्रांतीचं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.  आपण चोरी केली नाही, मग लपतोय कशाला, असं क्रांतीला वाटलं, आणि तरीही उठायची छाती झाली नाही. थोड्या वेळानं पाण्याची मोटार चालू झाल्याचा आवाज आला, पाणी पाटात पडू लागलं आणि गाडी निघून गेली. कुणी शेतकरी पाणी सोडायला आला होता.

पुलावर टेंपो उभा होता. चढताना जॉयस म्हणाली, "ताई, आम्ही तुम्हाला अर्ध्यावर सोडून चाललोय."

"चढ तू," क्रांती म्हणाली. यापेक्षा जास्त बोलली असती तर ती रडली असती.

नऊ वाजता गाड्या आल्या, कालच्यापेक्षा जास्त. क्रांती ओवीला पदराआड घेऊन उंबऱ्यावर उभी राहिली.

"गेली?" वीरधवलनं विचारलं.

"गेली."

तेव्हा भिंतीच्या कडेनं साळूबाई उठली. 

"बांधणारी घालवलीसा तुमी," ती म्हणाली. "आता पत्रा तुमी चढवा. पावसाळा आलाय. का ह्या लेकराला भिजवायचं हाय?"

 सिद्धू मान खाली घालून गाडीच्या किल्लीशी चाळा करत राहिला. वीरधवल म्हणाला, "बघतो, काकी," आणि गाड्या वळल्या.

आठवडा गेला. कुणी फिरकलं नाही. वळवाच्या एका सरीत भिंती भिजल्या. मग एका सकाळी सिद्धू आणि त्याचे दोन दोस्त शिडी घेऊन आले. क्रांतीकडं न बघता त्यांनी अँगल ठोकले, पत्रे चढवले आणि पाणीसुद्धा न पिता निघून गेले. वीरधवल आला नाही. गिरणीचा पट्टा मात्र जुळला.

जूनमध्ये जॉयसचा फोन आला. "ताई, घर झालं का? आम्ही सगळे एकदा बघायला येऊ?"

क्रांती दारात उभी होती. रस्त्यावरून एक मोटारसायकल चालली होती. ती पुढं जाईपर्यंत क्रांती बोलली नाही.

"घर झालं," ती म्हणाली. "लय चांगलं झालंय. पर येऊ नका गं इतक्यात."

 पलीकडून जॉयस हळूच म्हणाली, "बरं, ताई."

फोन ठेवून क्रांतीनं दार आतून लावलं. दिवसाउजेडीसुद्धा कडी घालायची सवय तिला ह्याच घरात लागली होती.