तीन मजल्यांचा चमत्कार

टाळ्यांनी हॉल दणाणून गेला. पडद्यावर आकडे झळकत होते: आधी अठरा हजार, नंतर आठ हजार! स्नायू झिजले की एक द्रव्य रक्तात उतरतं, त्याचे हे आकडे. एका इंजेक्शनात निम्म्याहून खाली! सगळे ज्यांना 'पेशीदाते' म्हणत, त्या पांढऱ्या कोटातल्या गृहस्थांनी हात जोडले. "मी कोण बरं करणारा? मूळपेशीच शहाण्या. सोडल्या की आपापलं घर शोधतात!" जणू त्या पत्ता विचारत फिरत होत्या.

दुसऱ्या रांगेत ताई दातओठ खात बसली होती. शेजारी आई, आणि आईला टेकलेला धाकटा भाऊ; पडद्यावरचे आकडे त्याचेच होते. त्याच्या स्नायूंच्या आजारापायीच ताई चार वर्षं मूळपेशींवर पीएचडी करत होती. "मूळपेशी स्नायू दुरुस्त करतात," हे घरी कौतुकानं तिनंच सांगितलं होतं. तोच शब्द जाहिरातीत वाचून आईनं, तिला न विचारता, त्याला इथं आणलं. आज दुसरं इंजेक्शन होतं. आजपासून हॉस्पिटलच्या गोळ्या बंद, अशी पेशीदात्यांची अट होती. पोरगं अजून पायांवर उभं होतं ते त्या गोळ्यांमुळे.

ताई उठली. "पहिलं रक्त कधी घेता?"

"चालचाचणीच्या दुसऱ्या दिवशी."

"म्हणजे मुलांना हे तीन मजले चारदा चढायला लावून. आणि दुसरं?"

"पेशी रुजायला चार दिवस निजून राहावं लागतं. त्यानंतर."

ताईनं एक कागद उंचावला. "हा माझ्या भावाचा गेल्या वर्षीचा रिपोर्ट. पायाला प्लास्टर होतं, महिनाभर अंथरुणात होता. आकडा आठ हजार. तेव्हा तुमचं इंजेक्शन कुठं होतं? अहो, या मुलांचे स्नायू श्रमानं फाटतात, द्रव्य गळतं, आकडा चढतो. निजवलं की उतरतो. जिन्यानं चढवला, गादीनं उतरवला! आणि पहिल्या इंजेक्शनची तुमची बाटली आईनं जिवापाड जपली होती, तिच्यात उरलेला थेंब मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. एकही पेशी नाही. नुसतं मिठाचं पाणी."

"विज्ञानाला श्रद्धेची जोड लागते, बाळ," पेशीदाते मधाळ हसले.

मागून एक बाप ओरडला, "मग तुमच्याकडे काय आहे?"

"काही उंदीर आहेत. त्यातले थोडे सुधारलेत. माणसांसाठी अजून काही नाही."

"नाही ना? मग बसा खाली!"

आई मात्र उठली. भावाला कडेवर घेऊन जिना उतरली. रस्त्यावर आल्यावर म्हणाली, "आधी त्याची गोळी दे." मग म्हणाली, "त्या दिवशी दुसऱ्या फेरीतच रडत होता गं. मीच म्हटलं, चढ बाळा, अजून दोनदाच."

ताईनं पिशवीतून गोळी काढून भावाच्या हातावर ठेवली. वर टाळ्या पुन्हा सुरू झाल्या होत्या.

वाचकहो, कुणी आकडा दाखवला तर एवढंच विचारा: कधी मोजला, आणि त्याआधी काय करायला लावलं? त्याला पीएचडी लागत नाही. आपण विचारत नाही, म्हणून आपलीच पोरं रडत जिने चढतात.