अजीजाची घोडी

घोडीनं दाण्याच्या तोबऱ्याला तोंड लावलं नाही, तेव्हा अजीजा टांग्यावरून खाली उतरली. सोलापूर स्टेशनाबाहेर टांग्यांची रांग लागली होती आणि मद्रासची गाडी यायच्या बेतात होती. घोडी पुढच्या खुरानं जमीन उकरत होती, मान वळवून आपल्याच कुशीकडे बघत होती. अजीजानं तिचा ओठ उचलून हिरड्या पाहिल्या. मग कुशीला कान लावला. एरवी तिथं खळखळ ऐकू यायची. आज सगळं मुकं होतं. सकाळपासून लीदही पडली नव्हती.

"पोट धरलंय," ती म्हणाली आणि घोडी सोडू लागली.

नवरा वारल्यापासून टांगा तीच हाकत होती. अड्ड्यावर ते कुणालाच रुचलं नव्हतं. खाजाभाई तिथले सगळ्यांत जुने टांगेवाले, तिच्या सासऱ्यांचे दोस्त. घोडी दिराच्या हवाली कर आणि घरी बस, असं त्यांनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तिनं मान खाली घालून ऐकून घेतलं होतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टांगा जुंपून आली होती.

सुटल्याबरोबर घोडी धाडकन खाली बसली आणि लोळू लागली. माणसं जमली. बाईचा हात लागला की जनावर नासतंच, असं कुणीतरी बोललं. खाजाभाईंनी नालबंदाच्या भट्टीतून लाल सळई मागवली. पोटावर डाग दिला की कळ मरते, ही अड्ड्याची जुनी रीत. अजीजाच्या नवऱ्याच्या पहिल्या घोड्यालाही असाच डाग दिला होता. कातडी जळल्याचा वास तिच्या नाकातून अजून गेला नव्हता, आणि घोडाही वाचला नव्हता.

ती घोडीच्या आणि सळईच्या मधे उभी राहिली.

"चाचा, हिला डाग द्यायचा न्हाय."

"मरंल की मग."

"मरंल तर माज्या हातात मरंल. सळई लावायची असंल तर आदी मला लावा."

खाजाभाई तसेच उभे राहिले. त्यांच्या हातातली सळई हळूहळू काळी पडत गेली.

अजीजानं लगाम ओढून, खांदा लावून घोडीला उठवलं आणि किल्ल्याच्या खंदकाकडेनं चालवत नेलं. लोळू दिलं तर आतडं पिळवटेल, एवढं तिला ठाऊक होतं. वाटेत गुरुसिद्धप्पांचा तेलघाणा होता. त्यांनी काही न विचारता जवसाचं तेल कोमट केलं, त्यात हिंग आणि ओव्याची पूड घातली आणि घोडीचं डोकं धरलं. अजीजानं बांबूच्या नळीनं ते थोडं थोडं पाजलं. घोडीला ठसका लागला की ती थांबायची. तेल छातीत गेलं असतं तर सगळंच संपलं असतं.

मग पुन्हा चालणं. ऊन डोक्यावर होतं. घोडी गुडघे टेकू लागली की अजीजा तिच्या कुशीला टेकू द्यायची, पोट चोळायची, पुन्हा पुढं न्यायची. गिरणीचा भोंगा झाला. पाळीवरून सुटलेल्या बाया थबकून बघू लागल्या. अजीजाच्या डोक्यावरचा पदर कधीच घसरला होता. तो सावरायला तिचा हात मोकळा नव्हता.

ऊन उतरलं तेव्हा घोडी थांबली आणि तिनं शेपूट उचललं. आधी कोरडे, कडक गोळे पडले, मग ओली लीद. अजीजानं कुशीला कान लावला. आत पाणी खळखळत होतं. ती रस्त्याकडेला बसली आणि मनसोक्त रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घोडी कोंड्याचं कोमट पाणी प्यायली, पण तिला जुंपण्यात अर्थ नव्हता. अजीजा एकटीच अड्ड्यावर गेली. कुणीतरी तिचा टांगा रांगेतून काढून भिंतीला लावून ठेवला होता. तिनं दोन्ही दांड्या धरल्या, टांगा ओढत आणला आणि रांगेच्या शेवटी उभा केला. दांड्यांच्या मधे ती स्वतःच उभी राहिली.

खाजाभाई जवळ आले. "घोडी गेली व्हय?"

"न्हाय. पाणी पितीया. आज तिला आराम हाय."

"मग तू हितं कशाला?"

"जागा माजी हाय, चाचा."

तेवढ्यात गाडी आली, उतारू बाहेर पडले, पुढचे टांगे भरून निघून गेले. रांग सरकली. अजीजानं दांड्या उचलल्या आणि टांगा पुढं घेतला.