दादाचं कौतुक

हात आपोआप चालावा आणि चित्र स्वप्नासारखं कागदावर उतरावं, या एकाच गोष्टीमागे चित्रकार वीस वर्षं लागला होता. अतिवास्तववादावरची पुस्तकं त्याने कोळून प्यायली होती. डोळे बांधून झाले, डावा हात वापरून झाला, उपाशी राहूनही झालं. पण हात मेला हुशार! चारचौघांत शोभेल तेच काढायचा.

आणि त्याची धाकटी बहीण? ती वीज-तक्रारींच्या फोनवर बसायची. कानाने लोकांच्या शिव्या ऐकायची आणि हात रद्दीवर गिरबटत असायचा. ते कागद घरी आणून ती डब्यांखाली अंथरायची.

कलादालनाच्या बाई आल्या होत्या चित्रकाराची चित्रं बघायला. "छान," म्हणाल्या, तेही घड्याळाकडे बघत. तेवढ्यात बहिणीने साखरेचा डबा ओढला आणि खालचा कागद घसरून बाईंच्या पायाशी पडला. माशाच्या पोटात जिना, जिन्याच्या कठड्यावर वाळत घातलेले कान. बाई चहा विसरल्या. त्यांनी सगळे डबे उतरवायला लावले.

"हे तेलकट झालेत. असेच नवे वीस करा, महिन्याने येते. एक अख्खी भिंत तुमची."

चित्रकाराच्या अंगाचा तिळपापड झाला. वीस वर्षं घासायची याने आणि भिंत हिला! पण हाताकडे बघत बसलं की हात बिघडतो, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? त्याने बहिणीचा केसाने गळा कापायचं ठरवलं.

"दादा, मला कुठं काय येतं?"

"वेडी आहेस. मी बसतो ना शेजारी."

त्याने भारी कागद आणला. रोज संध्याकाळी शेजारी बसून रेघ न् रेघ वाखाणली. "व्वा! पण हा कान इथेच का गं?" ती थांबायची, विचार करायची, खोडायची. तिसऱ्या आठवड्यात कान कानासारखे झाले. चौथ्यात फुलदाणी आली. फोनवरही तिचा हात आता गप्प बसू लागला.

बाईंनी वीसही कागद चाळले आणि पर्स उचलली.

आता ही रडणार, म्हणून चित्रकार समजूत घालायला तयारच होता. ती मात्र हसत होती.

"जाऊ दे रे दादा. त्या जुन्या कागदांची मला भीतीच वाटायची. वाटायचं, डोकं फिरलंय माझं. तू बसवलंस तेव्हा कुठे हात माझं ऐकायला लागला." मग म्हणाली, "एक कबूल करू? लहानपणापासून जळायचे मी तुझ्यावर. आता नाही जळत."

चित्रकाराला लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर, तिचं जळणं थांबलं याचाही त्याला हेवाच वाटला.