कोरड्या विहिरीची चौकट

मला घडवणाऱ्या ताईंनी एकदा पट्टी घेऊन एक अंगठा मोजला. तो अठरा मिलिमीटर रुंद भरला. माझे ‘पाठवा’ हे बटण तेव्हा सात मिलिमीटरचे होते. ताईंनी जीभ चावली आणि बटण वाढवले.

मित्रांनो, मी एक जुना फॉर्म आहे, इंटरनेटवरचा. दूरच्या वस्त्यांत राहून विहिरींतल्या पाण्याची पातळी मोजणाऱ्या माणसांसाठी माझा जन्म झाला. कचेरीतल्या रुंद पडद्यावर माझ्या चौकटी तीन-तीनच्या रांगेत बसतात. मोबाइलवर मी अंग चोरतो, मग त्या एकाखाली एक उभ्या राहतात. रेंज नसेल तर नोंदी पोटात धरून ठेवतो आणि रेंज येताच पाठवतो. मात्र एकही चौकट रिकामी असली, तर मी जागचा हलत नाही. या हट्टाचे तेव्हा फार कौतुक झाले. “आता कुणाला चुकारपणा करता येणार नाही,” म्हणत साहेबांनी ताईंना शाबासकी दिली.

तो अंगठा काकूंचा होता. त्यांच्याकडे बारा विहिरी होत्या. वजन बांधलेली फीत त्या विहिरीत सोडत, काठापासून पाणी किती खाली आहे ते वाचत आणि कठड्याला टेकून मला भरत.

दुसऱ्या उन्हाळ्यात सातव्या विहिरीतून फीत कोरडीच वर आली. काकूंनी चौकट रिकामी ठेवली. मी लाल अक्षरांत ओरडलो आणि बाकीच्या अकरा विहिरीही अडवून धरल्या. काकूंनी ताईंना फोन लावला.

“कोरड्या विहिरीला काय लिहू गं?”

“तूर्त मागचाच आकडा टाका, काकू. आठवडाभरात ‘पाणी नाही’ अशी सोय करते.”

आठवड्याची दोन वर्षे झाली. ताई वाईट नव्हत्या. कामाचा डोंगर होता, आणि ज्या हट्टाची शाबासकी घेतली तोच चुकला, हे सांगायला जीभ रेटत नव्हती. दर सोमवारी त्या ते काम यादीत वर लिहीत आणि शुक्रवारी खाली सरकवत. विहीर आटली की काकू सांगितल्याप्रमाणे मागचा आकडा भरत राहिल्या. ताईंनी कचेरीत कळवले असेलच, असे त्या धरून चालल्या होत्या.

यंदा वस्तीची तक्रार आली. साहेबांनी मला मोठ्या पडद्यावर उघडले आणि काकूंना फोन लावून तो टेबलावर ठेवला. ताई शेजारच्याच खुर्चीत होत्या.

“चार महिने सतरा मीटर वीस सेंटीमीटर! ही विहीर आहे की विहिरीचा फोटो? तुमच्या आकड्यावर विसंबून पाण्याची गाडी आम्ही दुसरीकडे पाठवली.”

“गाडी आली नाही हे ठाऊक आहे, साहेब. घागरी आमच्याच डोक्यावर आहेत.”

“मग आकडा का भरलात? घरी बसून मोजलंत?”

“उन्हात पाय माझे भाजतात, साहेब. मला तसंच भरायला सांगितलं होतं.”

“कुणी?”

“ते राहू द्या, साहेब.” काकूंनी नाव घेतले नाही.

“ठीक आहे. उद्यापासून हे काम दुसऱ्या कुणाला देतो.”

मित्रांनो, मला तोंड असते तर मी तिथेच बोललो असतो. तुम्ही कुणासाठी काही बनवाल, तेव्हा त्या माणसाकडे उत्तर नसले तर काय, हे आधी विचारा. त्याने अडचण सांगितली, की तिला यादीत झोपवू नका.

ताईंनी खुर्ची मागे सरकवली. त्यांचा आवाज बारीक होता, पण स्पष्ट होता.

“साहेब, काकूंना मी सांगितलं होतं. चूक मी बनवलेल्या फॉर्मची आहे, आणि दोन वर्षं मी ती झाकून ठेवली. त्यांना काढू नका. गाडी आजच पाठवा. आणि ही चौकट मी आत्ता, तुमच्यासमोर, रिकामी सोडता येईल अशी करते.”