नाल्यापलीकडची बाकडी

गावाचं नाव सांगत नाही. अमळनेर आणि धुळ्याच्या दरम्यान आहे, एवढं पुरे. नाव सांगितलं तर नगरपालिका नोटीस काढेल, आणि नोटीस काढणं तेवढं तिला चांगलं जमतं. गावाचा भूगोल सोपा आहे. मधून नाला जातो. अलीकडे रस्ता नाही, पलीकडे गटार नाही, आणि विकास दोन्हीकडे आहे, बॅनरवर.

अलीकडच्या आळीतले भिकनभाऊ त्याच बॅनरवर वर्षानुवर्षं 'भावी नगरसेवक' होते. भावी राहूनच केस पिकले. यंदा निवडून यायचंच, असा त्यांनी चंग बांधला. हिवाळाभर भरिताच्या पार्ट्या घातल्या, आळीतल्या निंबाखाली सिमेंटची बाकडी बसवली आणि त्यांच्या पाठीवर स्वतःचं नाव खोल कोरून घेतलं. आळीतल्या सगळ्यांत वयस्क धुरपदाबाई रोज संध्याकाळी तिथे पाय सोडून बसायच्या. गुडघ्यांना आराम पडायचा. भिकन निवडून यावा असं त्यांना खरंच वाटायचं.

मग प्रभागांचा कच्चा नकाशा लागला. आजवर हद्द नाल्यावरून जायची. कुणा साहेबाने ती उचलून थेट भाऊंचं घर आणि निंब यांच्या मधून नेली. आळी गेली भलत्याच प्रभागात, आणि भाऊंचं घर पडलं नाल्यापलीकडच्या मोहल्ल्याबरोबर. भाऊंनी संतापून हरकत नोंदवली : हद्द पूर्ववत नाल्यावरच ठेवावी. पण पालिकेत अर्ज वाचतो कोण? भाऊ व्यवहारी माणूस. घर ज्या प्रभागात तिथूनच उभं राहायचं, म्हणजे आता मोहल्ल्याची मतं महत्त्वाची. त्यांनी ट्रॅक्टर बोलावला.

"भिकन, बाकडा कोठे लई चालना रे?" धुरपदाबाईंनी विचारलं.

"रंग देवाले लई जास, अक्का," भाऊ ट्रॅक्टरकडे बघत म्हणाले.

"लवकर लई येजो."

बाकडी नाल्यापलीकडे अतिकच्या गॅरेजसमोर लागली. तिथली म्हातारी मंडळी खूश झाली. भाऊंनी तिथेही भरीत घातलं.

आणि अंतिम नकाशा आला. हद्द परत नाल्यावर! भिकनभाऊंची हरकत मंजूर झाली होती. पालिकेच्या इतिहासात कुणाचा अर्ज मनावर घेतला जाण्याची ही पहिलीच वेळ असावी, आणि तीही नेमकी भाऊंच्या वाट्याला आली. अलीकडची आळी पुन्हा त्यांची, बाकडी मात्र पलीकडे.

भाऊ ट्रॅक्टर घेऊन अतिककडे गेले. बाकड्यांवर चहा चालला होता.

"भाऊ, दिलेलं परत नेतात का?" अतिक अदबीने म्हणाला. "आणि नाव तर तुमचंच आहे की त्यावर."

नाव होतं खरं. पण त्या प्रभागात भाऊ उभेच राहणार नव्हते.

रिकामा ट्रॅक्टर आळीत आला. निंबाखाली धुरपदाबाई गोणपाट अंथरून जमिनीवर बसल्या होत्या. रोज वाट बघत त्या तिथेच बसायच्या, हे भाऊंना आता कळलं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अक्का, नवीन बाकडा आनस. उद्याच."

धुरपदाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. आवाजात राग नव्हता.

"ऱ्हाऊ दे भाऊ. तुना बाकडासले चाकं शेतस. हाई जमीन बरी, कोठेच जात नही."

त्या उठायला लागल्या. भाऊंनी घाईघाईने हात पुढे केला. त्यांनी निंबाचं खोड धरलं आणि हळूहळू स्वतःच उभ्या राहिल्या.