दुसरा रिमोट

"नुसता गेम देऊ, की एक्सपान्शनसकट?" दुकानातल्या मुलीनं विचारलं.

"फरक काय?"

"नुसत्या गेममध्ये एकटा माणूस डोंगर चढतो. मागे कुत्रा असतो, पण तो आपोआप चालतो. एक्सपान्शन, म्हणजे गेमचा जादा भाग, घेतलं की दुसरा रिमोट चालू होतो, मग दोघांना मिळून खेळता येतं."

"नुसता गेम द्या. आणि एक जास्तीचा रिमोट."

"अहो, पण नुसत्या गेमला दुसरा रिमोट काही कामाचा नाही."

"माझ्या कामाचा आहे," मी म्हटलं.

मी लिफ्ट दुरुस्त करते. माझ्याकडच्या अर्ध्याअधिक लिफ्टमध्ये दार बंद करायचं बटण कशालाच जोडलेलं नाही. दार त्याच्या वेळेलाच लागतं. लोक मात्र बटण दाबून दाबून झिजवतात आणि आपणच दार लावलं म्हणून खूश होतात. मला त्यांचं हसू येत नाही. लहानपणभर मी तेच केलंय.

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. टीव्हीवर गेम खेळताना तो मला दुसरा रिमोट द्यायचा आणि सांगायचा, "वरून पक्षी जातात ना, ते तू." मी जीव तोडून बटणं दाबायची. एकदा आईनं केर काढताना माझ्या रिमोटची वायर ओढली, तर तिचं दुसरं टोक गादीखालून मोकळंच बाहेर आलं. दादा पोट धरून हसला.

तेही मी विसरले असते. पण आई गेल्यावर तिचं घर विकायची वेळ आली, तेव्हा त्यानं फोन करून विचारलं, "तुला काय वाटतं?" मी तासभर रडून-भांडून सांगितलं, विकू नकोस, मी राहते तिथे. तो नुसता "हं, हं" करत राहिला. घर त्या फोनच्या आठ दिवस आधीच विकून झालं होतं. नंतर वर मलाच म्हणाला, "विचारलं तर होतं तुला!"

तेव्हापासून मी त्याच्यावर दात धरून होते.

यंदा त्याच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली. उजवा हात गेला, जीभ जड झाली. वहिनींचा फोन आला, "ताई, डॉक्टर म्हणतात बोटं हलायला हवीत. गेमसुद्धा चालेल म्हणे. तुम्ही आणाल का?" मी आणते म्हटलं. मला कीव आली नाही. आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

भाचीचा जुना गेमचा डबा वहिनींनी टीव्हीला जोडून ठेवला होता. त्याचा रिमोट मी घेतला, नवा दादाच्या मांडीवर ठेवला.

"दादा, कुत्रा तू."

तो घामाघूम होऊन दाबत राहिला. कुत्र्यानं आपोआप ओढा ओलांडला.

"मी... उडी... मारली!"

वहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या. "अहो, बोट हललं तुमचं! ताई, पाया पडते हो तुमच्या."

माझं वाक्य जिभेवर तयार होतं: तुझा रिमोट जोडलेलाच नाही, दादा. पहिला डोंगर संपला की वहिनींसमोरच सांगायचं, असं मी ठरवलं होतं.

डोंगर संपला आणि माझ्याआधी पडद्यानंच सांगितलं. दादानं एकेक अक्षर लावत वाचलं, "दुसरा... खेळाडू... हवा असल्यास... एक्सपान्शन... घ्या." खाली 'हो' आणि 'नाही'.

त्यानं डाव्या हातानं मांडीवरचा रिमोट उलटा केला, सुलटा केला. दिवा लागलेला नव्हता.

"मग घेऊन टाकू या की!" वहिनी म्हणाल्या.

दादानं त्यांना हातानंच थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"तुला... काय... वाटतं?"

तेच शब्द. फक्त या वेळी तो खरंच विचारत होता, कारण चालू रिमोट माझ्या हातात होता.

मी 'नाही' दाबलं.

दुसरा डोंगर सुरू झाला. माझा माणूस चढायला लागला, कुत्रा शेपटी हलवत मागून निघाला. दादानं रिमोट मांडीवर नीट सरळ ठेवला, उजव्या हाताचं बोट डाव्या हातानं उचलून बटणावर टेकवलं आणि पुन्हा दाबायला लागला.