छोट्या मालकांचं जन्मसाल

साप्ताहिकाच्या कचेरीत त्यांचं खरं नाव फक्त पगार काढणाऱ्याला ठाऊक होतं. बाकी सगळे त्यांना शंकाबाई म्हणत. छापायला जाणारा मजकूर आधी त्यांच्या टेबलावर यायचा आणि निम्मा तिथेच अडायचा. ‘तोबा गर्दी लोटली’ असं कुणी लिहिलं की बाई चष्म्यावरून बघत विचारणार, “लोटली म्हणजे किती जण होते?” मग लिहिणारा मनातल्या मनात त्यांचा उद्धार करत गर्दी कमी करून आणायचा.

साप्ताहिक टीव्हीच्या मालिकांना वाहिलेलं होतं. म्हणजे शंकांना तिथे तोटा नव्हता, फक्त गिऱ्हाईक नव्हतं.

एक दिवस संपादकांनी बाईंना बोलावलं. छोट्या मालकांवर विशेषांक काढायचा होता. हे छोटे मालक म्हणजे एका गाजलेल्या मालिकेत गावातल्या एका बड्या घरातला लाडका धाकटा मुलगा. मालिका सुरू होऊन इतकी वर्षं झाली होती की तिच्यातला कुत्राही दोनदा बदलला होता, पण छोटे मालक छोटेच होते. लोक त्या नटाला रस्त्यातही छोटे मालकच म्हणत.

“अंकाचं नाव ठरलंय, पंचेचाळिशीतला तरुण,” संपादक म्हणाले. “पण वाचकांची पत्रं बघताय ना? कुणी म्हणतं पन्नास, कुणी म्हणतं साठ. त्यांच्या जन्मसालाचा हा वाद एकदाचा मिटवा. सज्जड पुरावा आणा.”

“आणि पुरावा पंचेचाळीसच्या पलीकडे गेला तर?”

“बाई, वाद मिटवा म्हटलं मी. छोट्या मालकांना नाराज करा असं नाही म्हटलं.”

बाई कामाला लागल्या. इंटरनेटवरच्या माहितीत साल अगदी ठसठशीत दिलं होतं आणि खाली आधारही दिला होता. तो आधार म्हणजे त्यांचंच साप्ताहिक. जुना अंक काढून पाहिला तर तिथे साल होतं आणि ‘इंटरनेटवरून साभार’ असं लिहिलेलं होतं. दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे होते, आणि जमिनीवर कुणाचेच पाय नव्हते.

शाळेत फोन केला. तिथे माजी विद्यार्थ्यांच्या दोन तुकड्या त्यांच्यावर हक्क सांगत होत्या. थोरली तुकडी म्हणे, तो आमच्या वर्गात होता. धाकटी म्हणे, छे, आमच्याच बाकावर बसायचा. मुख्याध्यापक फार जपून बोलले. “दोन्ही खरं असू शकतं, बाई. पण ते कसं, हे आमच्या तोंडून वदवू नका. शाळेच्या नव्या सभागृहाचं उद्घाटन त्यांच्याच हस्ते आहे.”

मालिकेत त्यांच्या आईचं काम करणारी नटी त्यामानाने मोकळी होती. केसांवर पांढरी पावडर थापून घेता घेता ती म्हणाली, “मी शाळेत होते तेव्हा माझ्या मावशीने त्याची सही घेतली होती. आता रोज सकाळी तो माझ्या पाया पडतो. पण माझं नाव छापाल तर माझ्यासारखी वाईट नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या फोटोला हार लागेल. म्हणजे मालिकेत.”

उरले खुद्द छोटे मालक आणि त्यांची बहीण. बाई छायाचित्रकाराला घेऊन त्यांच्या घरी गेल्या.

ही बहीण सगळ्या प्रेक्षकांना ठाऊक होती. छोटे मालक प्रत्येक मुलाखतीत तिची आठवण काढून डोळे पुसत. थोरल्या ताईने मला अंगाखांद्यावर खेळवलं, आईची माया दिली, वगैरे. पहिल्या मुलाखतीत ताई पाच वर्षांनी मोठी होती. मग दहा झाली. टीव्हीवर रडले तेव्हा पंधरा. फरक वाढेल तसे अश्रू जास्त येत असावेत.

“ही माझी थोरली ताई,” छोट्या मालकांनी ओळख करून दिली आणि मोठ्या खुर्चीत बसले. केस काळेभोर, इतके की सावलीसुद्धा त्यांच्यापुढे फिकी वाटावी. बहीण खुर्चीच्या पाठीमागे उभी राहिली. केस पिकलेले, पण कपाळावर एक सुरकुती नाही, हात ओले. छायाचित्रकाराने कॅमेरा डोळ्याला लावला. छोटे मालक ऐटीत मागे रेलले.

“अरे दादा, टेकू नकोस!” बहीण ओरडली. “पाय निखळलाय तिचा!”

खुर्ची करकरली पण पडली नाही. खोलीत मात्र काहीतरी धाडकन पडल्यासारखं झालं. छोटे मालक हसले. “प्रेमाने म्हणते हो,” ते घाईघाईने म्हणाले. “लहान भावालाही म्हणतात की दादा.”

म्हणतात. तीन वर्षांचा असेल तर म्हणतात. शंकाबाईंनी हे तोंडावर आणलं नाही. “पाणी मिळेल का?” एवढंच विचारलं आणि बहिणीच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेल्या.

बहिणीने पाणी दिलं आणि ओट्याला टेकून उभी राहिली. “कळलं ना तुम्हाला?”

“कळलं. कितीने मोठे?”

“दोन वर्षांनी. पहिली मालिका मिळाली तेव्हा त्याने दोन कमी केली, आम्ही जुळी झालो. मग आणखी कमी केली, मी थोरली झाले. आता त्याची आईच व्हायची राहिलेय.” ती हसली. “त्याची वर्षं कुठे जातात, विचारलंय का कुणी त्याला? सगळी माझ्या माथी मारतो. लोक मला साठीची समजतात. बसमध्ये उठून जागा देतात.”

“मग सांगत का नाही?”

“दादाला खोटं पाडू? आईवडील गेल्यावर त्यानेच सांभाळलं मला. ते खरंच आहे, फक्त उलटं सांगतो.” तिने पदराला हात पुसले, ते कधीचे कोरडे झाले होते. “इतके दिवस चालवून घेतलं. पण आता एक अडचण आलीय. कोपऱ्यावर घड्याळांचं दुकान आहे ना, त्यांनी मला मागणी घातलीय. बायको जाऊन बरीच वर्षं झाली त्यांची. छप्पन्न वर्षांचे आहेत. म्हणाले, तुम्ही चार वर्षांनी मोठ्या आहात, पण माझी काही हरकत नाही.”

“चांगला माणूस दिसतोय.”

“चांगला आहे, म्हणून तर जिवाला लागतं! उगाच त्यांनी मोठं मन दाखवायचं आणि मी ते जन्मभर फेडत बसायचं. तुमचा अंक ते दर आठवड्याला घेतात. परत थोरली बहीण म्हणून छापून आलं की संपलं. बाई, साल काय हवं ते छापा. मला तेवढी थोरली करू नका.”

शंकाबाईंना स्वतःचाच राग आला. इतके दिवस त्या एक आकडा शोधत हिंडत होत्या, आणि त्या आकड्याखाली हे माणूस दबून बसलं होतं.

कचेरीत आल्यावर त्या संपादकांशी भांडल्या. संपादकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग मुखपृष्ठ वाहिनीने दिलेल्या सालासह छापखान्यात रवाना केलं. “अधिकृत माहितीनुसार असं लिहा,” ते म्हणाले. “म्हणजे आपण खोटं बोलत नाही, अधिकृत बोलतो.”

बाईंच्या हातात उरल्या फक्त फोटोखालच्या ओळी. खूप वेळ त्या खुर्चीतल्या भावाकडे आणि पाठीमागे उभ्या बहिणीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी लिहिलं : ‘छोटे मालक आणि त्यांची पाठची बहीण.’

संपादकांनी घाईघाईत नजर फिरवली. “पाठची, म्हणजे पाठीमागे उभी आहे ती. बरोबर. वाचकाला कोण कुठे आहे ते कळायला हवं.” आणि सही ठोकली.

वाहिनीची प्रसिद्धी अधिकारी मात्र चिकित्सक निघाली. तिचा फोन आला. “पाठची जरा गावठी वाटतं हो. मागची करू या का? की मागे उभी असलेली?”

मागे उभी असलेली झाली, तर ती बहीण पुन्हा जिथल्या तिथे. “तुम्ही छोट्या मालकांनाच विचारा ना,” त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवल्यावर आपण हे काय करून बसलो म्हणून कपाळाला हात लावला.

संध्याकाळी छोट्या मालकांचा फोन आला. आवाज मालिकेतला नव्हता.

“ती ओळ तुम्ही लिहिलीत?”

“हो.”

“आई असंच म्हणायची,” ते म्हणाले. “ही तुझी पाठची, हिला बोलणी बसू देऊ नकोस कुणाची.” “पाठचीच राहू दे. मी सांगितलंय त्यांना.”

“आभारी आहे.”

“पण बाई, साल मात्र वाहिनीचंच हं.”

अंक निघाला. संपादक खूश, वाहिनी खूश. वाद मिटला नाही तो नाहीच, उलट पत्रं वाढली. चार-पाच दिवसांनी बहिणीचा फोन आला.

“बाई, घोटाळा झाला!” ती हसत होती की रडत होती, कळेना. “घड्याळवाले सकाळीच आले, हातात अंक. चेहरा एवढासा. म्हणाले, तुम्ही छोट्या मालकांच्या पाठच्या, आणि छोटे मालक पंचेचाळीसचे. म्हणजे तुम्ही त्रेचाळीस-चव्वेचाळीसच्या. मी तुमच्यासाठी फार म्हातारा आहे, मागणी परत घेतो.”

“अरे देवा! मग?”

“मग काय, सांगितलं. इतक्या वर्षांत वय कधी सांगितलंच नव्हतं हो मी. दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हटलं एकदाचं, त्रेपन्न. ते खालीच बसले. म्हणाले, खरंच ना? मग मागणी कायम.”

मग जरा भीत भीत तिने विचारलं, “तुम्हाला दाखला आणून दाखवू का?”

“नको,” शंकाबाई म्हणाल्या. “तुम्ही सांगितलंत ना.”